सूर्यास्ताची घंटा आणि जुना अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या हॉलमधला अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा माझ्या हुकमानं सुरू झाला तेव्हा मी दचकून खुर्चीवरून उठलेच. स्वयंपाकघरात बसून लॅपटॉपवर चार अक्षरं टाइप केली, एंटर दाबलं, आणि पलीकडे हॉलमध्ये खट्‌ असा आवाज झाला. पाठोपाठ णमोकार मंत्र इतक्या मोठ्यानं सुरू झाला की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. सासूबाई पलंगावरून ओरडल्या, "काय झालं वं? कोन्ती मिरवणूक आली?"

मी धावत जाऊन गोल बटण फिरवलं आणि आवाज कमी केला. हसू आवरत नव्हतं. विणलेल्या रुमालाखाली वर्षानुवर्षं झाकून ठेवलेलं ते धूड माझं ऐकत होतं.

अ‍ॅम्प्लिफायर सासऱ्यांचा. त्यांनी हौसेनं आणलेला, दोघांनी मिळून उचलावा लागतो असा. ते गेल्यावर रिमोट कुठेतरी हरवला आणि नवऱ्यानं त्याचं नाव भंगार ठेवलं. पण त्याच्या पाठीमागे नऊ छिद्रांचं एक सॉकेट होतं. पूर्वीच्या कॉम्प्युटरला असायचं तसं. मी बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवते, त्यामुळे ते सॉकेट पाहून माझे हात शिवशिवायला लागले. त्यातून तार लावली की यंत्राला लेखी हुकूम सोडता येतो. सुरू हो. आवाज अमुक ठेव. बंद हो. एवढीच त्याची भाषा, पण त्यात कुठे लाडीगोडी नाही, मला आवडली.

हा उद्योग मी शौक म्हणून केला नव्हता. सासूबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू. उजेड आणि सावली यापलीकडे त्यांना फारसं काही दिसेनासं झालं होतं. आणि त्यांचा नियम होता सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा. आमच्या जैनांच्या घरांत हा नियम पुष्कळजण पाळतात, कुणी चातुर्मासापुरता, कुणी जमेल तसा. सासूबाईंनी तो जन्मभरासाठी घेतलेला. थेंबभर पाणीसुद्धा नाही. डोळे होते तोवर त्या खिडकीतून आभाळ बघायच्या. डोळे गेल्यावर दिवस कधी बुडाला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि त्या वेळी मी क्लासवर, नवरा दुकानात.

आधी बोलणारा नवा स्पीकर आणून पाहिला. सासूबाई जप करायला बसल्या की तो मध्येच हिंदीत काहीतरी विचारायचा. "या मेल्याले म्हना, तू चूप बस," असं त्यांनी सांगितलं आणि तो घरातून गेला. मग मी एका डबीएवढ्या कॉम्प्युटरला अ‍ॅम्प्लिफायर जोडला. पलंगाजवळ एक मोठं बटण बसवलं. ते दाबलं की अ‍ॅम्प्लिफायर सुरू होऊन स्तोत्रं लागायची. आवाज कमी-जास्त मात्र त्या स्वतः उठून, चाचपडत, यंत्रावरच्या गोल बटणानं करायच्या. त्याची त्यांना सवय होती. आणि रोज सूर्यास्ताच्या थोडं आधी मंदिरातल्या घंटेचा आवाज वाजायचा. घंटा वाजली की त्या शेवटचं पाणी पिऊन, चूळ भरून हात जोडायच्या.

घरात माझा भाव एकदम वधारला. नवरा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. तसा तो आईच्या नियमाबद्दलही सगळ्यांना सांगायचाच. शेलूबाजारला माल आणायला गेला तरी चहा पिता पिता सांगून यायचा. मंदिरात त्यांचा सत्कार झाला तेव्हा हार घातलेला फोटो मोठा करून त्यानं हॉलमध्ये लावला. मधे वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर आहे, गोळ्या चालू आहेत, रात्री पोटात काहीतरी हवं, नाहीतर पहाटे साखर उतरते. त्यावर सासूबाई भरल्या दवाखान्यात कडाडल्या, "मरन आलं तरी माहा नियम मोडनार नाई." डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली. नवऱ्याची मान ताठ. मलाही तेव्हा कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक दिवस क्लास सुटल्यावर घरी आले. रस्त्यावरचे दिवे लागले होते. दार लोटलं तर सासूबाई समोर ताट घेऊन बसलेल्या, भाकरी-वरणाचा घास चावत. माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"आई! अवो, दिवस बुडून गेला!"

त्यांचा हात ताटातच थांबला. "घंटा कोठी वाजली?" त्या म्हणाल्या. "मी घंटीचीच वाट पाहून राह्यली."

त्यांनी तोंडातला घास काढून ताटात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला रडूच फुटलं. एका म्हाताऱ्या बाईनं आयुष्यभर सांभाळलेली गोष्ट माझ्या तारांवर सोपवली होती, आणि ती मोडली. नवरा आला आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं.

"तुह्या तारांनं माह्या आईचा नियम मोडला!"

"तार तुटली असन त जोडता येते. तुमी वरडून काय होते?" मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही.

"राहू दे रे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "अजानता झालं. अजानता झाल्याचा दोष नसते." त्या रात्री त्या बिनघोर झोपल्या. मला मात्र डोळा लागला नाही.

सकाळी तपासलं तर सगळं ठीक. कॉम्प्युटर म्हणत होता, हुकूम सोडला. अ‍ॅम्प्लिफायर चालू होत होता, आवाज खणखणीत. काय बिघडलं ते कळेना. आठवडा बरा गेला आणि पुन्हा एकदा घंटा वाजली नाही. पुन्हा मी आले तेव्हा ताट समोर, पुन्हा तोच प्रश्न, "घंटा कोठी वाजली?" मी तार बदलली. वायरच्या टोकाला असतो तो जोड बदलला. तरी तिसऱ्यांदा तेच. माझा इतका संताप झाला की त्या यंत्राला एक लाथ घालावीशी वाटली. त्यात आणखी एक गोष्ट मला खुपत होती. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सासूबाई ताज्यातवान्या दिसायच्या. मी मेले काळजीनं वाळत होते आणि त्या चहाच्या कपावर बोट वाजवत भजन गुणगुणत होत्या.

नवऱ्यानं फर्मान काढलं, "उद्या मी ऑटो घेऊन येतो. जुनं सामान घेनारा एक भेटला. हे धूड त्याले देऊन टाकू."

मला एक दिवस हवा होता. माझ्या जोडणीत एक गोष्ट मी सोडून दिली होती. हुकूम जायला एक तार लागते, आणि यंत्राचं उत्तर परत यायला दुसरी. मी उत्तराची तार लावलीच नव्हती. मला बोलायचं होतं, ऐकायची गरज वाटली नव्हती. आता ती लावली. लगेच लॅपटॉपवर अक्षरं उमटायला लागली. हा जुना ठोकळा फार प्रामाणिक निघाला. चालू झाला की कळवायचा, आणि कुणी हातानं आवाज कमी-जास्त केला तरी दर टप्प्याला नवा आकडा कळवायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्लासला सुट्टी दिली. सासूबाईंचा जप मोडू नये म्हणून मागच्या दारानं आत येऊन स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले. हॉलमध्ये सासूबाईंची स्तोत्रं चालू होती. त्यांचं ताट मी आधीच वाढून, झाकून ठेवलं होतं. ऊन उतरायला लागलं. पडद्यावर काही हालचाल नाही. मी शेंगा सोलत बसले.

आणि पडद्यावर आकडे पडायला लागले. पन्नास. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस. मी हातातली शेंग तशीच धरून बघत राहिले. मी काहीच हुकूम सोडला नव्हता. आकडे खाली खाली चालले होते, सावकाश, एकेक, आणि तिकडे हॉलमधला स्तोत्राचा आवाज बारीक होत विरून गेला. शेवटी शून्य आलं.

मला वाटलं यंत्र झपाटलंय. उठले, अनवाणी हॉलच्या दारापर्यंत गेले.

सासूबाई अ‍ॅम्प्लिफायरपाशी उभ्या होत्या. एक हात भिंतीला टेकलेला, दुसरा त्या गोल बटणावर. कान शेजारच्या स्पीकरच्या जाळीला लावून त्या खात्री करून घेत होत्या की आवाज खरोखर गेला.

चोर पकडला की माणसाला राग येतो म्हणतात. मला राग नाही आला, मला भीती वाटली. या बाईला मी ओळखतच नाही असं वाटलं. जिचा गळ्यात हार असलेला फोटो भिंतीवर लावला होता, तीच फोटोखाली उभी राहून स्वतःची घंटा बंद करत होती.

"कोन हाय?" त्यांनी मान वळवली.

"मी हाव, आई."

"तू क्लासले गेली नाई?"

"नाई."

बटणावरचा हात त्यांनी काढला नाही. मग त्या म्हणाल्या, "पह्यल्यांदा खरंच चूक झाली वं. फोन आला होता, म्हनून आवाज कमी केला अन् इसरून गेली. सकाळी स्तोत्रं लावली तवा पुन्हा वाढवला. पन त्या राती पोट भरलेलं होतं. मले झोप लागली. पहाटं घाम नाई आला, हात कापले नाई."

"आई, तुमी सांगाचं नं! कायले लपवलं?"

"कोनाले सांगू? भरल्या मंदिरात हार घालून घेतला. पोरगं गावोगाव सांगत फिरते. आता म्हातारपनी कोन्त्या तोंडानं सांगू का मले भूक लागते म्हनून?" त्या म्हणाल्या, "घंटा वाजलीच नाई म्हटलं त दोष यंत्राचा. मले तेवढंच बरं वाटे."

मी त्यांना धरून पलंगावर बसवलं. त्यांचे हात गार होते. मला माझीच चीड आली, नवऱ्याची आली, त्या फोटोची तर फारच आली. दर संध्याकाळी उजेडात यांचं जेवण झालं की आपलं काम झालं, असं मी धरून चालले होते. त्यानंतरच्या लांबच लांब रात्रीचा विचार कुणी केला नव्हता.

तेवढ्यात बाहेर ऑटो थांबली आणि नवरा आत आला. "काय, निघालं काय तारेतून काई? चाला, उचला ते धूड."

मी तोंड उघडलं. खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती. बटण ढिलं झालंय म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. पण सासूबाईंनी माझा हात दाबला.

"यंत्र चांगलं हाय रे," त्या म्हणाल्या. "घंटा मी बंद करत होती. मले भूक लागते."

नवरा हसला. त्याला आई थट्टा करते आहे असं वाटलं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. पुढे आला, थांबला, पुन्हा दोन पावलं मागे गेला. असं गोंधळलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला वाटलं आता हा ओरडणार, समाज, मंदिर, लोक काय म्हणतील, सगळं काढणार. मी कंबर कसून उभी राहिले.

तो आईसमोर फरशीवर बसला.

"किती दिवसापासून भूक लागून राह्यली तुले?"

"लई दिस झाले."

"अन् मले बोलली नाई?"

"तू खुश होता रे."

त्यानं मान खाली घातली. डबीएवढ्या कॉम्प्युटरनं त्याच्या वेळेला घंटेचा हुकूम सोडला असणार, कारण अ‍ॅम्प्लिफायरवरचा दिवा लुकलुकला, पण आवाज शून्यावर होता, काहीच ऐकू आलं नाही. मी बटणाकडे गेले नाही. खिडकीबाहेरचा उजेड बघता बघता गेला, आणि गल्लीतला दिवा लागला.

नवऱ्यानं झाकलेलं ताट ओढून घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि आईच्या हातात दिला.

त्यांनी तो घास धरून ठेवला. "दिवस बुडाला काय रे?"

नवऱ्यानं खिडकीकडे बघितलं. तो हो म्हणेल की नाही, मला खरंच माहीत नव्हतं.

"बुडाला, आई," तो म्हणाला.

त्यांनी मान हलवली, आणि आमच्या दोघांसमोर तो घास तोंडात घातला.