खाली जाणारं वजन

गावात त्याला सगळे पोतं म्हणत आणि त्याला त्याचा राग येत नसे. ते त्याच्या नेमणुकीचं नाव होतं.

गाव डोंगराच्या टोकाला, मोटाररस्ता दरीच्या तळाला आणि मध्ये एक दोर. दोराला दोन पाळणे. एक वर असला की दुसरा खाली. इंजिन नाही, वीज नाही. वरच्या पाळण्यात जास्त वजन ठेवायचं आणि ब्रेक सोडायचा. तो खाली जातो आणि खालच्याला वर ओढतो. हे बांधलं तेव्हा गावात बटाटा उदंड पिकत होता. बटाट्याची पोती खाली जायची. मीठ, रॉकेल, पाहुणे, शाळामास्तर वर यायचे. झकास चाललं होतं.

पुढे पोत्यांमागोमाग माणसंही खाली जाऊ लागली. जाण्यात अडचण कसलीच नव्हती. बसायचं की निघालं. कपाटासकट, गाद्यांसकट घरंच्या घरं उतरली. शेतं ओस पडली, पोती संपली आणि मग एक दिवस नर्सबाई खाली येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा गावाच्या डोक्यात उजेड पडला. इथे एकाने यायचं तर दुसऱ्या कुणीतरी जायला हवं, आणि तेही येणाऱ्यापेक्षा जाड! अशा गावाची भरभराट व्हायची म्हणजे कशी, हे बांधणाऱ्यालाच विचारायला हवं होतं, पण तोही त्याच पाळण्यातून कधीच गेला होता.

दगड भरून पाहिले. खालच्या कार्यालयाचं पत्र आलं, की दगड हे गौण खनिज असून विनापरवाना वाहतूक केल्यास पाळणा जप्त होईल. पाण्याची पिंपं भरून पाहिली, तर झऱ्यावर तासाला तीन हंडे मिळवणाऱ्या बायका हंडे घेऊनच अंगावर आल्या. शेवटी सभा भरली. बोलता बोलता एकेकाची नजर कोपऱ्यात बसलेल्या, एकशेआठ किलोच्या, बटाट्याची शेती बुडालेल्या या गृहस्थावर जाऊन थांबली.

तेव्हापासून नऊ वर्षं तो गावाचं वजन होता. कुणी वर यायचं असलं की हा खाली जाई आणि पाऊलवाटेने पाच तास चढून परत येई. त्याला वर ओढेल असं वजन खाली उतरणाऱ्यांत कुणाचंच नव्हतं, म्हणून परतीला पाळणा नाही. मोबदला म्हणून प्रत्येक घराने पाळीपाळीने त्याला भरपेट जेवू घालायचं, असं ठरलं.

या नोकरीची गंमत अशी, की गावात येणारा प्रत्येक माणूस त्याला भेटे, पण दरीच्या मध्यावर, पाळणे हातभर अंतरावरून एकमेकांना ओलांडत तेव्हा. डॉक्टर यायचे त्या दिवशी तो आधीच जीभ बाहेर काढून बसे. डॉक्टर जाता जाता ओरडत, "मीठ कमी कर!" जनगणनेवाला आला, त्याने याला गावात धरलंच नाही. मोजणी चालू असताना हा इसम गावात नव्हता, असं त्याने लिहिलं, आणि ते खरंच होतं.

हे सगळं त्याने हसून घेतलं असतं. मुलीचं मात्र घेता येईना.

मुलगी लांबच्या शहरात इस्पितळात कामाला होती. वर्षातून एकदा, एका दिवसाची सुट्टी काढून यायची. सकाळच्या बसने उतरायची आणि पाचच्या बसने जायची. ती वर येणार म्हणजे बाप खाली जाणार. "बाबा!" "पोरी, बारीक झालीस!" संपली भेट. मग तो धापा टाकत चढत असताना डोक्यावरून पाळणा परत जायचा आणि त्यातून एक हात हलायचा. ती उतरेपर्यंत खाली थांबावं, तर पुढे अंधारात वाट धड दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर वजन हवंच. तिच्या नोकरीच्या सहा वर्षांत बापलेकीचं बोलणं सगळं मिळून दोन मिनिटं झालं असेल. तिला एकदा समोर बसवून जेवावं, एवढीच त्याची हौस होती, आणि ती काही फिटत नव्हती.

इकडे रोजच्या चढणीने तो उतरत चालला होता. जेवू घालणारी बावीस घरं होती, त्यांची नऊ राहिली. ब्रेकवाल्याजवळचा वजनकाटा मात्र एकशेआठवर अडकून गंजला होता, त्यामुळे कागदोपत्री त्याच्या तब्येतीला काही झालं नव्हतं. बायकोने त्याची विजार तीनदा आवळली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याला गावात मान होता, तो तिला आवळायचा नव्हता.

यंदा मुलगी आली. खालच्या कार्यालयातल्या कारकुनाने तिथल्या काट्यावर तिला बॅगेसकट उभं केलं आणि वर फोन लावला. "शहात्तर."

"आमचा एकशेआठ," ब्रेकवाला ऐटीत म्हणाला आणि पाळण्याला ढकलून मोकळा झाला.

वरचा उतार तीव्र, म्हणून पाळणा सुटला. पुढे दोर सपाटीला लागला तसा तो मंदावला, आणि बरोबर मध्यावर दोन्ही पाळणे समोरासमोर येऊन थांबले. खाली दोनशे मीटर दरी.

"बाबा, तुमचं वजन किती?"

"एकशेआठ," बाप म्हणाला. मग म्हणाला, "असायचं."

वरून ब्रेकवाला कोकलू लागला. "अरे, तिची बॅग घे! बॅग घेतलीस की सुटशील!"

दोघांनाही ते ऐकू आलं. बॅगेत आईसाठी कुकर आणि ब्लँकेट होतं. ती बॅग हातभर अंतरावर होती. पण कुणीच हात पुढे केला नाही.

"जेवलीस का?"

"नाही. तुम्ही?"

तिने डबा काढला. दोघांनी तो दरीवर, निम्मा निम्मा वाटून खाल्ला. तिने त्याला कामावरचं सगळं सांगितलं. एक माणूस आवडलाय, तेही सांगितलं. त्याने चार प्रश्न विचारले. इतका सुखात तो बटाट्याच्या दिवसांतही नव्हता.

तासाभराने त्याने वर पाहिलं. गुडघ्यांनी अधू झालेली बायको कशीबशी फलाटापर्यंत येऊन, कठड्याला धरून उभी होती. मुलीच्या पाळण्यावरून नजर हलवत नव्हती.

"आण ती बॅग," तो म्हणाला.

तो खाली पोचला तेव्हा कारकून दारातच होता. "निघा आता भाऊ, वाट लांबची."

"आज चालत नाही जायचं. माझं वजन कर."

बॅग उद्याच्या फेरीसाठी टेबलाखाली सरकवून तो काट्यावर चढला. काटा शहात्तरवर थांबला. कारकुनाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बॅगेशिवाय ती सत्तर," पोतं हिशेब करत म्हणाला. "आईच्या हातचं जेवण धर, एकाहत्तर." त्याने कोट काढला. काठी, टॉर्च, पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. एक स्वेटर काढला, मग दुसरा. कुडकुडत काट्यावर उभा राहिला. "बघ."

"एकाहत्तर. पण भाऊ, ती साडेतीनला निघणार. तुम्ही सारख्या वजनाचे झालात तर पुन्हा मध्येच अडकाल!"

"हो."

"पाचची बस आहे तिची!"

"म्हणजे तासभर मिळतो."

"आणि मग सुटणार कसे?"

"बूट देईन तिच्याकडे. ती जड, मी हलका."

"आणि तुम्ही अनवाणी?"

"मला कुठे आता चालायचंय?"

साडेतीनला फोन वाजला. पलीकडे बायको होती.

"अहो, निघाली हो ती. पोटभर जेवली. नको नको म्हणत तीनदा वाढून घेतलं."

त्याने फोन ठेवला, क्षणभर विचार केला, आणि काढलेला एक स्वेटर परत अंगात घातला.