चित्रकाची मुळी आणि जांभळ्या वाट्या

आत्याचं पेठला, पुणे-नाशिक रस्त्याला लागून चहाचं हॉटेल होतं. तिचा आवाज एवढा खणखणीत, की गाडी थांबायच्या आधीच ड्रायव्हरला ऐकू जायचं, "या पावणं, बसा." नव्वदच्या दशकात, मी नारायणगावला कॉलेजात होते तेव्हा, तिच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ आली. पुण्याला ऑपरेशन झालं. थायरॉईडचा कॅन्सर निघाला. गाठ गेली, पण गळ्यातली नस दुखावून आवाजही गेला. घरी आल्यावर तिनं मला पहिली हाक मारली ती मला ऐकूच आली नाही. ओठ हलताना दिसले तेवढंच.

पुढे मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागले. वनस्पतींमधली द्रव्यं वेगळी काढायची आणि ती कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायची, असं काम होतं. कोणत्या पेशी घेणार, असं आमच्या मॅडमनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून थायरॉईड निघून गेलं.

त्या पेशी फार वर्षांपूर्वी परदेशातल्या कुणा रुग्णाच्या गळ्यातून काढलेल्या होत्या. तो माणूस कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. पेशी मात्र वाढतच राहिल्या होत्या. अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात, गुलाबी पाण्यात मी त्यांना सांभाळायचे. दुपारच्या वेळी कपाटाची घरघर तेवढी चालू असे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलं की हळूहळू बाकीचं सगळं मागे सरे. मग वाटायचं, आपण कुणाच्या तरी गळ्याच्या आत बसलो आहोत, आणि बाहेर तो माणूस अजून बोलतो आहे.

बोरी बुद्रुकला आमच्या बांधावर चित्रक माजलेला असे. पांढरी फुलं, चिकट कळ्या, जवळून गेलं की त्या लुगड्याला चिकटून घरी येत. त्याची मुळी कातडीला लागली तर फोड येतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मी मुळ्या खणायला गेले तेव्हा आत्या माहेरी आलेली होती. तीही बांधावर येऊन बसली. थंडीचे दिवस होते, द्राक्षबागांवर धुकं रेंगाळत होतं. 

"याच्यानं बरं व्हतं व्हय गं?" तिनं कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही, आत्या. बघायचंय."

मुळीतून नारिंगी-पिवळे स्फटिक निघाले. तळहाताएवढ्या प्लेटमधल्या इवल्या वाट्यांमध्ये मी पेशी वाढवल्या आणि वर ते द्रव्य घातलं. मग एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी तो रंग आत घेतात आणि जांभळा करून टाकतात, मेलेल्या पेशींना ते जमत नाही. ज्या वाट्यांत औषध नव्हतं त्या गर्द जांभळ्या झाल्या. औषधाच्या वाट्या पिवळट, फिक्या राहिल्या. मी ती प्लेट उजेडात धरून कितीतरी वेळ उभी होते.

त्याच आठवड्यात आत्या तपासणीसाठी पुण्याला आली. मॅडमना विचारून मी तिला प्रयोगशाळेत नेलं. औषध न घातलेल्या पेशी तिला दाखवल्या. एक डोळा मिटायला तिला जमेना, म्हणून मी माझा हात तिच्या डोळ्यावर धरला.

"या जित्या हायेत?"

"हो."

"कुणाच्या?"

"कुणा परक्या माणसाच्या. नाव माहीत नाही."

ती पुन्हा वाकून बघू लागली. मग गळ्यावरच्या व्रणावरून बोट फिरवत म्हणाली, "त्याचा तरी आवाज ऱ्हायला असंल का?"

मी त्या पेशी परत कपाटात ठेवल्या.

मॅडमनी मला निरोगी पेशींवरही तेच द्रव्य घालून बघायला सांगितलं. बघितलं. त्या वाट्याही पिवळ्याच राहिल्या. कॅन्सरच्या पेशी मरत होत्या तेवढ्याच मात्रेत चांगल्याही मरत होत्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "असंच लिही. हेही कळायलाच हवं होतं." त्या दिवशी मी जेवले नाही.

पुढच्या रविवारी पेठला गेले आणि आत्याला सगळं सांगितलं. हॉटेलात गर्दी नव्हती. तिनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि बाकावर शेजारी बसली.

"म्हंजी माजा उरलासुरला आवाज बी घेऊन गेला असता त्यो चित्रक," ती म्हणाली.

"आवाजच काय, सगळंच."

"मग दुसरं झाड बघ. डोंगरात काय कमी हायेत का?"

ती हसली तेव्हा आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. मग मी दुसरी झाडं बघितली. प्रबंध झाला, औषध काही निघालं नाही. आत्या सकाळी अनशापोटी थायरॉईडची गोळी घेऊन अजून गल्ल्यावर बसते. गिऱ्हाईक तिचं बोलणं ऐकायला थोडं पुढे वाकतं, आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात ती दोघं काहीतरी गुपित बोलत असल्यासारखी दिसतात.