उलटी भिशी

नवऱ्याचा मार मी कधी खाल्ला नाही. मला मारलं ते बायकांनी, भर गल्लीत, दिवाळीच्या तोंडावर, आणि अजूनही मला वाटतं की बरोबरच मारलं.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागे आमची गल्ली होती. एका ओळीत खोल्या, मधे एकेरी विटेची भिंत, समोर सामाईक नळ. गल्लीतल्या बारा जणी दर महिन्याला पन्नास पन्नास रुपये माझ्याकडे ठेवायच्या आणि वसुबारसेला मी ते वाटून द्यायची. माझ्याकडेच का, तर माझं अक्षर बरं होतं आणि माझा नवरा दारू पीत नव्हता. पैसे तांदळाच्या डब्यात तळाशी, फडक्यात बांधून ठेवलेले. त्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी डब्यात हात घातला तर फडकं होतं, गाठही होती, आत वर्तमानपत्राचे तुकडे.

नवरा कापडाच्या दुकानात कामाला होता, अंगानं किरकोळ, बोलण्यात गोड. ते दिवस व्हिडिओचे होते. गावोगावी तंबूत सेट लावून लोक दोन दोन रुपयांत सिनेमा दाखवत होते आणि पैसा करत होते. पाचोऱ्याचा एक मित्र याला भेटला, भागीत सेट घेऊ म्हणाला, पैसे घेतले आणि सुरतेला जो गेला तो गेला. हे सगळं नवऱ्यानं मला रडत रडत सांगितलं. त्याचं रडणं पुरं होऊ दिलं नाही मी. हातात लाटणं होतं, ते चालवलं. खांद्यावर, पाठीवर, पोटरीवर, जिथे लागेल तिथे. तो खाली बसला, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि मार खात राहिला. आमच्या घरात मारणारी मी होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. "आमना पैसा कोठे शेतस?" एकीनं विचारलं, दुसरीनं विचारलं, तिसरीनं विचारलं नाही, सरळ केस धरले. मला ओट्यावरून खाली ओढलं. पाठीत गुद्दे बसले, गालावर चपला बसल्या, कानातलं एकीनं ओढलं तेव्हा पाळी फाटली. ती फाटलेली पाळी अजून तशीच आहे. मी हात उचलला नाही. मला हात उचलता येत नाही असं नव्हे, पण कोणाच्या अंगावर उचलणार? एकीच्या मुलीचं बाळंतपण होतं, एकीला छपरावर पत्रे टाकायचे होते.

शेवटी कोणीतरी म्हणालं, "अक्का ऊनी," आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या अक्का आल्या. सत्तरीच्या, विधवा, सगळ्यांची सुईण. त्या लगेच सोडवायला धावल्या नाहीत. थोडा वेळ उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "मारा, मारा. पन ही मरी गयी ते पैसा कोन देई?"

हात थांबले. तिथेच, मी मातीत बसलेली असताना, अक्कांनी तोड काढली. भिशी जशी चालते तशीच, पण उलटी चालवायची. सगळ्यांनी भरायचं आणि एकीनं उचलायचं, याऐवजी एकीनंच भरायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून उचलायचं. दर दुसऱ्या महिन्याला माझ्या घरी बारा चिठ्ठ्या टाकायच्या, अक्कांनी एक काढायची, जिचं नाव निघेल तिला तिचे सहाशे पुरे द्यायचे. दिवस मागाहून ठरला तो अमावास्येचा, कारण मी ज्या गोदामात काम धरलं ते अमावास्येला बंद असायचं. अमावास्येला पैसा घ्यायचा का म्हणून दोघी-तिघी कुरकुरल्या. "देणं देवाले अमोस काय नि पुनव काय," अक्का म्हणाल्या. बारा जणी म्हणजे दोन वर्षं. कोणालाच ते पटलं नाही आणि कोणाकडे दुसरं काही नव्हतं.

गोदाम मिरचीचं होतं. दोंडाईच्याकडून पोती यायची आणि आम्ही पन्नासेक बायका दिवसभर देठ मोडायचो, किलोवर पैसे. पहिल्या आठवड्यात नखांच्या कडा फाटल्या आणि त्यात तिखट भरलं. भाकरी थापता येईना. हात पाण्यात घातले की आग वाढायची, तेल लावलं की थोडी कमी व्हायची. एकदा नवरा म्हणाला, "एवढा जीव कशाला काढतेस, देऊ सावकाश." मी त्याच हातानं त्याच्या तोंडावर दिली. बिचारा रात्रभर डोळे धूत बसला. मला वाईट वाटलं नाही. आता वाटतं.

दोन महिने राबून सहाशे जमायचे. बारा जणींतली एक फिटायची, अकरा उरायच्या. मुंगीनं डोंगर उचलायला घ्यावा तसलं ते काम. पण मी तेही केलं असतं, दात ओठ खाऊन, मुकाट्यानं. भिंतीपलीकडे ती नसती तर.

ती म्हणजे माझी शेजारीण. बारा जणींत वयानं सगळ्यात लहान, पंचविशीची, हसरी, तिचं माहेर शिरपूरकडचं. त्या दिवशी मला न मारलेली तीच एक. सगळ्या गेल्यावर तिनं माझ्या कानाला हळद लावली होती. तिचा नवरा लाकडाच्या वखारीत होता. मार्गशीर्षातल्या अमावास्येला पहिली चिठ्ठी निघाली, तिची नव्हती. दिवेलागणीला तो कामावरून आला आणि भिंतीतून मला त्याचा प्रश्न ऐकू आला.

"चिठ्ठी निंघनी का?"

तिचं उत्तर ऐकू आलं नाही. थप्पड ऐकू आली. मग दुसरी. मग काहीतरी भांडं पडलं.

मी कोपऱ्यातलं धोपाटणं उचललं, कपडे धुवायचं, आणि त्याच्या दारावर घालायला लागले. "भाऊ, पैसा मना घरमातून गयात! मारनं व्हई ते माले मार!" गल्ली गोळा झाली. त्यानं दार उघडलं, घामेजलेला, आणि शांतपणे म्हणाला, "वहिनी, घरातलं आहे, तुम्ही जा." पण त्या दिवसापुरता हात थांबला.

माघात परत तेच. चैत्रात त्यानं तिला मोरीच्या कडेवर ढकललं, पुढचा दात अर्धा तुटला. त्या वेळी तो माझ्याही अंगावर आला आणि मी धोपाटणं त्याच्या मनगटावर मारलं. चार दिवस त्याला वखारीत ओंडका उचलता आला नाही. सकाळी नळावर मी तिला विचारायची तर ती म्हणायची, "मोरीमा पाय घसरना." ज्येष्ठात तिचा डावा कान गेला. तेव्हापासून बोलताना ती मान वळवून उजवा कान पुढे करायची.

प्रत्येक वेळी मी धावले. प्रत्येक आवाज मी माझ्या नावावर धरत होते. सहाशे रुपये मी हिला वेळेवर दिले असते तर ही थप्पड नसती, हा दात नसता. गोदामात देठ मोडताना मी तेच घोकायची. अक्कांकडे गेले, म्हटलं, हिची आधी काढू. अक्कांनी मान हलवली. "चिठ्ठी म्हनजे चिठ्ठी. आज तिले दिधं ते उद्या बठ्ठासले द्यावं लागी." ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या दोघींच्या पाया पडले, एवढी पाळी हिला द्या म्हणून. एकीनं दार लावून घेतलं. दुसरी म्हणाली, माझ्या नवऱ्याला काय सांगू? तेही खरंच होतं.

पोळ्याच्या अमावास्येला आठ चिठ्ठ्या उरल्या होत्या. सकाळी मी वहीचा कागद फाडला, आठ तुकडे केले आणि आठही तुकड्यांवर तिचंच नाव लिहिलं. देवाला काय वाटेल वगैरे मनातसुद्धा आलं नाही. आज भिंतीतून आवाज येणार नाही, एवढंच मनात होतं.

दुपारी सगळ्या जमल्या. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज चालला होता. मी धरलेल्या तांब्यात अक्कांनी हात घातला, चिठ्ठी काढली, वाचता येत नव्हतं म्हणून शेजारी बसलेल्या, आमच्या बारा जणींतल्याच भाजीवालीकडे दिली. तिनं नाव वाचलं. माझी शेजारीण नुसती बसून राहिली, ऐकूच आलं नाही तिला. मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं आणि फडक्यातले सहाशे तिच्या पदरात घातले. तेवढ्या वेळात तांब्या माझ्या हातातून सुटला, ती चूक झाली. भाजीवालीनं आणखी एक चिठ्ठी उघडली. मग आणखी एक.

"व माय! ह्या बठ्ठ्या चिठ्ठ्या एकच नावन्या शेतस!"

पुन्हा केस, पुन्हा गुद्दे. या वेळी मी मुकाट बसले नाही. एकीला ढकललं, एकीच्या हाताला चावले. अक्का ओरडल्या, "काब्र? काब्र करं असं, सांग!"

आणि का ते मी सांगितलं. सगळ्यांसमोर, ओरडून. दात कसा तुटला, कान कसा गेला, चिठ्ठी निघाली नाही की दर वेळी काय होतं. खरं तर कोणाला माहीत नव्हतं? भिंती सगळ्यांच्याच एकेरी विटेच्या. पण आजवर कोणी तोंडानं उच्चारलं नव्हतं. कोणी पदर तोंडाला लावला, कोणी खाली बघायला लागली.

ती उठली. पदरातले पैसे एका हातानं घट्ट धरलेले. माझ्यापुढे आली आणि दुसऱ्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. त्या सगळ्या मारात मला लागलेली ती एकच.

"माले कोनी मारत नही," ती म्हणाली. "मना नवरानं नाव काब्र लेस तू?"

आणि पैसे घेऊन घरी गेली. कोणी अडवलं नाही. अक्का फक्त म्हणाल्या, पुढच्या वेळी चिठ्ठ्या भाजीवाली लिहील.

उरलेल्या सात जणींचे पैसे पुढच्या सव्वा वर्षात फिटले. गोदामातलं काम मी नंतरही दोन वर्षं केलं, सवय झाली म्हणून. गल्लीतल्या बायका हळूहळू बोलायला लागल्या, चिठ्ठ्यांवरून मला चिडवायलाही लागल्या. कोणाचं देणं अंगावर राहिलं नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. त्या पोळ्यानंतरच्या आठवड्याबद्दल मात्र मी कोणाशी बोललेले नाही.

त्या दिवशी भिंतीपलीकडे शांतता होती. दुसऱ्या दिवशीही. तिचा नवरा शिट्टी वाजवत घरी यायचा. ती माझ्याशी बोलत नव्हती, नळावर पाठ करून उभी राहायची, पण मला त्याचं काही नव्हतं. मी जेवत होते, झोपत होते. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

नवव्या दिवशी दिवेलागणीला आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. पलीकडून थप्पड ऐकू आली. मग त्याचा आवाज, भाकरी गार का म्हणून. मग भिंतीवर काहीतरी आपटलं, आमच्या बाजूनं चुना पडला.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या धोपाटण्याकडे. मी अर्धी उठले होते. आणि तशीच थांबून मी विचार केला, पैसे तर दिले. आता हे कशाचं? गार भाकरीचं. म्हणजे हे माझं नाही.

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. डोक्यावरचं पोतं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं. मी परत बसले. तिची ती थोबाडीत आठवली, आणि तेही कारण मी धरून ठेवलं. पलीकडे मार चालू होता, या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ, कारण दार वाजवणारं कोणी नव्हतं. नवरा म्हणाला, "अगं, जा ना." मी म्हटलं, तुम्ही जा. तोही गेला नाही. मी भाकरी पुरी खाल्ली, वर ताक प्यायले, ताट उचलून मोरीत ठेवलं.

सकाळी नळावर ती माझ्यामागे होती. एक डोळा मिटलेला, ओठ सुजलेला. मी हंडा भरत होते. वाटलं, हिनं आता काही म्हणू नये. नऊ दिवस बोलली नव्हती, तशीच न बोलता जावी. ती जवळ आली, मान वळवून उजवा कान पुढे केला, माझं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून, आणि म्हणाली,

"काल तू ऊनी नही."