आप्पांना दिलेले चार सिलिंडर

हसणार नाही असं वचन मी मागत नाही, तुम्ही हसणारच. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की हा घोटाळा मी शुद्ध हेतूने, पूर्ण विचार करून आणि व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्यांत केला.

एम.एस्सी. झाल्यापासून मी नंदुरबारला एका खोलीत राहून परीक्षांची तयारी करतो. उरलेल्या वेळात मोबाइलवर एक खेळ खेळतो. गाड्या पळवण्याचा नव्हे, बांधण्याचा! यात तयार इंजिन मिळत नाही. एकेक सिलिंडर जोडत जायचा. हवा कुठून, इंधन कुठून, गार पाणी कुठून, सगळं आपणच ठरवायचं. गणित चुकलं की इंजिन तापतं आणि फुटतं. माझी किती फुटली, हे कृपया विचारू नका.

या खेळातला माझा जोडीदार म्हणजे शेजारच्या आप्पांचा मुलगा भूषण. त्याच्या बहिणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी माझं बारा सिलिंडरचं इंजिन पहिल्यांदा न फुटता चाललं! अशा वेळी माणूस गच्चीवर जाऊन ओरडणार नाही तर काय करेल?

"भूषण! बारा सिलिंडर जमले!"

भूषण घरी नव्हताच; तो बहिणीचा शालू आणायला सुरतेला गेला होता. खाली मांडवात होते आप्पा, कपाळाला हात लावून बसलेले. गॅसची गाडी फिरकली नव्हती आणि उद्याचं हळदीचं जेवण अडलं होतं. हे मला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

आप्पा धापा टाकत माझ्या दारात आले.

"भाऊ, बारा सिलिंडर शेतस तुन्हाजोडे?"

"हो आप्पा. बारा."

"खरंच?"

"मी स्वतः मोजलेत."

"भरेल शेतस ना?"

मी क्षणभर विचार केला. इंधनाचा पुरवठा तर सुरळीत होता. "पूर्ण भरलेले आहेत."

आप्पांचे डोळे पाणावले. माझ्या इंजिनाची एवढी कदर आजवर कोणी केली होती? भूषणनेच वडिलांना सगळं समजावलं असणार, असं मी धरून चाललो.

"चार मले दे भो. परत करसू."

मुलासाठी मागताहेत बिचारे! भूषणची गाडी कधीच चढ चढत नसे.

"परत कशाला? राहू द्या तुमच्याकडेच. कितीही वाटले तरी माझ्याकडचे कमी होत नाहीत."

आप्पांनी मला चक्क हात जोडले. मी सावध माणूस. सूचना दिल्याशिवाय सोडतो होय?

"फक्त जपून वापरा. तापतात फार."

"तापूच दे! त्यानाकरताच ते पाहिजे!"

"आणि फुटूही शकतात."

आप्पा एक पायरी खाली उतरले. मग धीर करून म्हणाले, "मन्हा माणूस जुना शे. संभाळी लेई. रिक्षा धाडू का?"

"रिक्षा कशाला आप्पा? मोबाइलवरूनच पाठवतो."

"मोबाइलवरतीन? काय जमाना उना भो!"

त्याच जिन्यात उभं राहून आप्पांनी नवापूरच्या साडूला फोन लावला. साडूने इकडून तिकडून चार सिलिंडर नुकतेच जमवले होते आणि ते गाडीत चढवून तो निघायच्या तयारीत होता. त्याला यांनी ते उतरवायला लावले! मला याचा पत्ताही नाही. मी आत बसून चार सिलिंडरचं एक सुबक इंजिन बांधलं, तीनदा तपासलं आणि रवाना केलं.

दुसऱ्या दिवशी, दिवसभर वाचनालयात बसून, संध्याकाळी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून मी मांडवात गेलो. उष्टी हळद घेऊन नवरदेवाकडची मंडळी तिकडून निघाली होती. परातीत कच्च्या बट्ट्यांचा डोंगर, वरणाचं पातेलं थंड, आणि आचारी शेगडीपुढे हाताची घडी घालून उभा.

"भाऊ!" आप्पा धावत आले. "सिलिंडर?"

"कालच पाठवले की."

"कोठे शेतस?"

"भूषणच्या खात्यात."

"बँकमा?"

काहीतरी चुकतंय असं मला प्रथमच वाटलं. मी मोबाइल काढून त्यांच्या हातात दिला. पडद्यावर माझं इंजिन झोकात चाललं होतं. आप्पांनी पाहिलं. आचाऱ्याने मान लांब करून पाहिलं.

"यानावर शिजाडू का बट्ट्या?" त्याने विचारलं.

आप्पांनी मोबाइल माझ्या हातात परत कोंबला. "मी साडूनी गाडी खाली कराले लायी रे भाऊ... पोरनं सासर उपाशी जाई!"

"आप्पा, मी मनापासून दिलगीर आहे. सिलिंडर या शब्दाचे मुळात दोन अर्थ..."

"अर्थ मांगे सांग," आचारी म्हणाला. "पहिले लाकडं लई ये."

मी धावलो. लाकडं आणली, तुरीच्या काड्या आणल्या, विटा रचल्या आणि फुंकणी घेऊन जमिनीवर आडवा झालो. ज्वलनाला प्राणवायू लागतो, हे मी परीक्षेत अनेकदा लिहिलं होतं. तो स्वतःच्या छातीतून पुरवावा लागतो, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं! शर्ट काळा, डोळे लाल, आणि मागून आचारी: "फुक भो, फुक! झोपना का?"

पंगती उशिरा बसल्या, पण बसल्या. चुलीवरची बट्टी बघून विहीणबाई चक्क खूश! पुन्हा मागून घेतली त्यांनी. तेव्हा कुठे आप्पा खुर्चीला टेकले.

मी गुपचूप शेवटच्या पंगतीत जाऊन बसलो, तर वाढणारा पुढ्यात उभा.

"ओ दादा, आचारीना माणसं मांगतीन बठतस!"

मी खुलासा करणार, तोच पलीकडून आप्पा ओरडले, "बठू दे रे त्याले! गॅसवाला शे आपला!"

अख्खी पंगत खो-खो हसली. हसला नाही तो फक्त वाढणारा. त्याने माझ्या पानात दोन बट्ट्या जास्तीच्या टाकल्या, वर तुपाची धार धरली आणि माझ्या कानाशी वाकून आर्जवाने म्हणाला, "दादा, आमना सिलिंडर कधीना बाकी शे. तेवढं पाहा ना."

मी हातातला घास खाली ठेवला आणि अत्यंत सावधपणे विचारलं,

"नेमका कोणता सिलिंडर?"