जरा चालून दावा

आख्ख्या वेल्हे तालुक्यात माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायांकडे बघून ओळख देणारे एकमेव गृहस्थ म्हणजे पासलीचे आमचे मामा. मेंदूत गुठळी झाली, त्यातून ते सहीसलामत घरी आले, पण चेहरे तेवढे दवाखान्यातच राहिले. नाक दिसतं, डोळे दिसतात, माणूस कोण ते कळत नाही. कान आधीपासूनच जड, त्यामुळे आवाज सगळ्यांचा सारखाच. डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूत चेहरे ओळखणारा भाग वेगळा आणि हालचाल ओळखणारा वेगळा. पहिल्याला इजा झाली, दुसरा शाबूत आहे. मेंदूतले जोड वापरले की घट्ट होतात, तेव्हा सराव करा. मामांनी गावाला सांगितलं ते असं, "एक फेज गेलाय. मोटर चालत न्हाई, पर बलब लागतो."

त्या बल्बाच्या उजेडात सराव सुरू झाला. ओसरीवर येईल त्याला हुकूम, "जरा चालून दावा." मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी हातसुद्धा जोडू दिले नाहीत, आधी बांधापर्यंत पिटाळला. तो परतल्यावर म्हणाले, "बापावानीच टाच घासतोस. बस." एसटीत मात्र पंचाईत होते. बसलेले सगळे परके आणि उभे असलेले झोकांड्या खाणारे, त्यामुळे नसरापूरपर्यंत मामांना सगळी गाडी एकाच दारुड्याने भरलेली वाटते.

मामी मात्र त्यांना लांबून कळायची, कारण तिचा गुडघा धरलेला, एक पाय ओढत चालायची. गेल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने तिचं ऑपरेशन करवलं. महिनाभर माझ्याकडे राहून ती पासलीला परतली, आणि ओसरीवर आली ती ताठ चालत. मामा अदबीने उठले. "या बाई, बसा. आमची मंडळी दवाखान्यात हाय, च्या कराया कुनी न्हाई." आम्ही हसलो. मामी हसली नाही. आत जाऊन तिने चहा टाकला आणि कप घेऊन बाहेर आली ती लंगडत. "आलीस व्हय?" मामा खुलले. "आत्ता कोन बाई आलती गं?"

तेव्हापासून मामी घरात लंगडतच राहिली. "नवा गुडघा बिघडंल," मी रागावलो.

"बिघडू दे. सारा जल्म संसार केला, आता ह्यांच्या घरात पाव्हनी म्हनून ऱ्हाऊ का?"

परवा मी गेलो होतो. मामी तशीच चहा घेऊन आली. मामा तिच्या पायांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दुखऱ्या पायाचं मानूस असं चालत न्हाई. सरळ चाल. म्या शिकीन की."

मामी सरळ चालत अंगणाच्या कडेपर्यंत गेली आणि परत आली. मामा डोळे बारीक करून पाहत होते, आणि त्यांना अजून कुणी परकीच दिसत होती हे मला स्पष्ट कळत होतं.

"पुन्यांदा जा," मामा म्हणाले, आणि मामी पुन्हा निघाली.