तीनशेवरचा पिझ्झा

समोरच्या ताटाला नावं ठेवायची आणि मागे सोडून आलेल्या ताटासाठी डोळ्यांत पाणी आणायचं, ही कला माझ्या खात्यातल्या खानदेशी सोबत्याइतकी कुणाला साधलेली मी पाहिली नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात आम्ही यंत्रांच्या पोलादी पिना कडक करत असू. कडक झालेल्या पिना शेवटी दोनशे अंशांच्या भट्टीत शेकायच्या. जास्त तापल्या की नरम पडत. ती भट्टी माझ्या ताब्यात. कँटीनमध्ये हा माझ्याशेजारी बसे आणि पहिल्या घासालाच सुरू होई, "भाऊ, आपण उसळ खाऊ राहिलो का पाण्यातली मटकी मोजू राहिलो? आमच्याकडची शेवभाजी खाल्ली असती तर घाम पुसायला दुसरा माणूस लागला असता!" कळण्याच्या भाकरीवर तर तो अशा आवाजात बोले, जणू ती नुकतीच वारली आहे. मग रजा काढून भरीत खायला गावी जाई आणि चार दिवस आधीच परत येई. "भरितात आता राम न्हाई. तिथं मले आपली उसळच आठवू राहिली होती." दुसऱ्या दिवशी पुन्हा मटकी मोजायला मोकळा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कंपनीनं त्याला सहा महिने प्रशिक्षणासाठी इटलीला पाठवलं, समुद्रकाठच्या एका गावात. तिथून पत्र आलं: 'इथे जाड चौकोनी भाकरीवर कांदा टाकतात आणि त्याला जेवण म्हणतात. मिरची नाही. मी फार दिवस काढेन असं वाटत नाही.' परतला तो मात्र त्याच भाकरीचा विरह घेऊन. पिझ्झा, पिझ्झा! खात्यात कुणी तो शब्द ऐकला नव्हता. हा इतका हळवा होऊन बोले की पिझ्झा ही तिकडची कुणी बाई असावी, अशी आमच्यात कुजबुज होती. ज्या गावाला सहा महिने शिव्या घातल्या, ते आता 'आमचं गाव' झालं. "रोमचा पिझ्झा? तो पापड हाये भाऊ. पिझ्झा फक्त आमच्या गावचा."

शेवटी एकदा पिझ्झा करायचाच असं त्यानं ठरवलं. चाकणच्या बाजारातून कांदा आला, पुण्याच्या कॅम्पातून डब्यातलं चीज, आणि पिंपरीतल्या बेकरीवाल्या चाचांकडून आंबवलेला मैदा. पण चाचांनी भट्टी देण्याचं साफ नाकारलं. "मियाँ, मेरी नानखटाई को कांदे की बू लगी, तो गाहक मुझे भूनेंगे!" मग हा ट्रे घेऊन माझ्यापुढे उभा. "भाऊ, तुमची भट्टी जेवणाच्या सुट्टीत रिकामी असते ना? दोनशेवर भागायचं न्हाई. तीनशे लागतील."

काटा मी तीनशेवर नेला. माझ्या हातानं.

पिझ्झा निघाला तो वरून करपलेला, खालून कच्चा आणि सगळीकडून कारखान्याच्या तेलाचा वास मारणारा. मी चार तुकडे खाल्ले. त्यानं एक घास घेतला आणि तुकडा खाली ठेवला. "हट्! तिकडची सर न्हाई." भोंगा झाला, मी घाईनं पिना भट्टीत भरल्या. काटा तीनशेवरच राहिला.

संध्याकाळी तपासणीत सगळ्या पिना नरम निघाल्या. साहेब आले, त्यांना ट्रे सापडला. त्याच महिन्यात आमच्या खात्याचा फोरमन नेमायचा होता. इटलीहून आल्यामुळे खानदेश्याचं नाव पहिलं, माझं दुसरं.

"भट्टीत काय घातलं होतं?"

"पिझ्झा, साहेब."

"काय?"

त्यानं कृती सांगितली. कांदा किती जाड चिरायचा, हेही सांगितलं. साहेबांनी निदान केलं: त्या पदार्थाच्या वाफेनं माल बिघडला. मग माझ्याकडे वळले. मला काटा दिसत होता. मी म्हणालो, "हो साहेब, वाफ बरीच होती."

खानदेश्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि ठपक्याच्या मेमोवर सही केली. फोरमन मी झालो. दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे शेजारी बसला आणि मटकी मोजू लागला. पोलाद नरम पाडणाऱ्या पिझ्झ्याचा किस्सा मात्र मी पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक निरोप समारंभात रंगवून सांगितला. त्याच्या स्वतःच्या निरोप समारंभातसुद्धा. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता.

गावी गेल्यावर त्याचं एक पत्र आलं. 'भाऊ, अंगणात मातीची भट्टी बांधली. पिझ्झा चांगला फुगतो, पण तुमच्या भट्टीच्या तेलाचा वास येत न्हाई, त्यामुळे मजा न्हाई. तसा पुन्हा खायला मिळाला न्हाई. तुम्ही काटा बरोबर तीनशेवर धरला होता. खाली आणायचा राहिला, तेवढंच.'

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मागे सोडून आलेल्या गोष्टींवरच तो माया करायचा. त्यांत आता मीही जमा झालो होतो. उत्तर लिहायला मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं लिहून कागद फाडला. मागच्या वर्षी तो गेला. आता ते उत्तर पाठवायला पत्ता नाही, म्हणून इथे लिहितो: वाफेनं पोलाद नरम पडत नाही.