अख्ख्यांची रिकामी तार

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती आणि तिच्यावर ओळीने पाच खिळे. प्रत्येक खिळ्याला एकेक तार लोंबत होती आणि प्रत्येक तार एकेका मिस्त्रीच्या मालकीची होती. गंजून जाम झालेला बोल्ट सोडवताना ज्याच्या हातून तुटेल, त्याने तुटलेलं डोकं स्वतःच्या तारेला बांधायचं आणि त्या दिवशी सगळ्यांसाठी चहा घेऊन यायचा, हा मालकांनी घालून दिलेला नियम. पत्रा ठोकणाऱ्या डेंटरची तार तर इतकी भरली होती की पंखा लावला की वाजायची.

पहिली तार मात्र बावीस वर्षं रिकामी होती. ती अख्ख्यांची. यांच्या हातात बोल्ट नेहमी अख्खाच येतो म्हणून लोकांनी त्यांना अख्खे म्हणायला सुरुवात केली आणि त्यांचं खरं नाव फक्त त्यांच्या बायकोला आणि मतदारयादीला ठाऊक राहिलं. अख्ख्यांना हे नाव फार आवडायचं. वरवर मात्र ते, "अहो, त्यात काय एवढं," असं म्हणून मान खाली घालत, आणि समोरच्याने आणखी दोन वाक्यं बोलावीत म्हणून तिथेच रेंगाळत.

त्यांची पद्धत होतीच तशी. आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा. मग तेल सोडायचं आणि रात्रभर तसंच मुरू द्यायचं. सकाळी हातोडीने डोक्यावर चार हलके ठोके, पाहुण्याने दार वाजवावं तसे. आणि मग, जे बाकी कुणी करत नसे ते, बोल्ट सोडायच्या आधी केसभर आवळायचा. आवळताना आतला गंज कुरकुरला की समजायचं, आता हा येणार.

तीन वर्षांपूर्वी या सुखात साडू आला. अख्ख्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचं आधीचं गॅरेज बंद पडलं, तेव्हा बायकोने आठवडाभर तोंड फुगवून अख्ख्यांकडून मालकांकडे शब्द टाकून घेतला. म्हणजे धोंडा अख्ख्यांनी आपल्याच हाताने पायावर पाडून घेतला. "हा माझा साडू," अशी ओळख करून दिली, तर गॅरेजभर त्याचं नावच साडू पडलं. वयाने दोन वर्षांनी लहान, पण नात्याने थोरला, त्यामुळे त्याच्यावर खेकसायचीही सोय नाही.

आणि माणूस चांगला होता, हेच तर दुखणं. कामाला वाघ, बोलायला मऊ. अख्ख्यांची आवळायची युक्ती त्याने दुसऱ्याच दिवशी नुसती बघून उचलली आणि वर सगळ्यांदेखत म्हणाला, "ही अख्ख्यांची विद्या आहे हं, माझी नाही." अख्ख्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी करून पुन्हा पाया पडणाऱ्या चोराचं काय करायचं?

घरीही सुटका नव्हती. मोरीतला नळ घट्ट बसला होता, अख्खे दोन रविवार त्याच्याशी झटत होते. साडू सहज म्हणून आला, पाणी प्यायला उठला, आणि येता येता नळ सोडवून आला. तेव्हापासून बायको भांडी घासताना नळ उघडायची आणि म्हणायची, "भाऊजींचा हात काय हलका आहे नाही?" मग त्या नळाचं पाणीसुद्धा अख्ख्यांना गोड लागेना.

तीन वर्षं झाली तरी साडूची तारही रिकामीच होती. म्हणजे फळीवर रिकाम्या तारा दोन झाल्या, आणि अख्ख्यांच्या मते त्यांतली एक जास्त होती.

अशात एका दुपारी हेडमास्तरीणबाईंची निळी गाडी आली. बाई कधीच निवृत्त झालेल्या, गाडीही निवृत्तीला आलेली. मागे घेताना खांबाला लागून मागचा बंपर चेमटला होता. नवा बंपर बसवायचा म्हणजे आधी जुन्याचे सहा बोल्ट काढायचे, आणि ते गंजून लाल झालेले. शिवाय पेट्रोलची टाकी लागूनच, म्हणजे आच देऊन सैल करायचीही सोय नाही. सगळा खेळ तेलाचा आणि हाताचा. ही गाडी वर्षानुवर्षं अख्ख्यांचीच. ते हात पुसत पुढे झाले.

बाई म्हणाल्या, "ते दुसरे आहेत ना, साडू म्हणतात ते? या खेपेला त्यांना बघू दे. माझ्या भाचीची गाडी त्यांनी फार छान केली."

अख्खे हसले. हसणं कसलं, दात दाखवले. आणि मग गाडीकडे बघता बघता त्यांची नजर बंपरच्या डाव्या बाजूला अडकली.

नऊ वर्षांपूर्वी याच गाडीच्या याच बंपरचा डावीकडचा आतला बोल्ट त्यांच्या हातात तुटला होता. त्या दिवशी त्यांना लवकर निघायचं होतं, तेल मुरू दिलं नव्हतं, पान्याला पाइप लावून जोर केला आणि कट्. आजूबाजूला कुणी नव्हतं. समोर फळीवर रिकामी तार होती. अख्ख्यांनी डेंटरच्या डब्यातली, पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी बोटभर घेतली, तुटलेलं डोकं होतं तिथेच चिकटवलं आणि वरून काळा रंग मारला. बाकीच्या पाच बोल्टांवर बंपर नऊ वर्षं सुखाने टिकला, आणि अख्ख्यांचं नावही.

संध्याकाळी साडूने सहाही बोल्टांना तेल सोडलं. अख्ख्यांनी ते पाहिलं आणि रात्रभर दोन मनांनी तळमळले. एक मन म्हणे, आता आपली लाज निघणार. दुसरं मन, जे जास्त मोठ्याने बोलत होतं, ते म्हणे, डोकं निघेल ते साडूच्या पान्याखाली. तुटला तर त्याच्या हातून तुटला! बांध म्हणावं आता तारेला. पहाटे पहाटे या दुसऱ्या मनाने त्यांना झोप लागू दिली.

सकाळी ते शेजारच्या गाडीखाली शिरले आणि चाकाआडून बघत राहिले. साडूने पहिला बोल्ट ठोकला, केसभर आवळला, सोडला. अख्खा आला. दुसरा, तिसरा. प्रत्येक बोल्ट ट्रेमध्ये पडला की अख्ख्यांच्या काळजात खण्ण वाजायचं. पाचही आले. मग साडूने डावीकडच्या आतल्या बोल्टावर पाना चढवला, आणि तो काही जोर न लागताच फिरला.

डोकं साडूच्या तळहातावर आलं. खाली लांबीचा पांढरा थर. साडूने तो अंगठ्याने चाचपला, वास घेतला. या गाडीला आजवर कुणाचा हात लागला होता, हे सगळ्या गॅरेजला पाठ होतं. त्याने मान वळवून थेट गाडीखाली पाहिलं. अख्ख्यांना डोळे मिटायचंही सुचलं नाही.

"काय रे, काय झालं?" मालकांनी विचारलं.

साडूने अंगठ्याच्या नखाने लांबी खरवडून टाकली. "तुटला," तो म्हणाला. "माझ्याकडून जोर जास्त झाला."

डेंटरने टाळी वाजवली. "अखेर साडूंचं खातं उघडलं!" साडू हसत हसत गेला, डोकं आपल्या तारेला बांधलं आणि चहाची किटली उचलून बाहेर पडला. अख्ख्यांच्या मनासारखं झालं होतं, अगदी जसंच्या तसं. तरी तो चहा त्यांनी कपातच गार होऊ दिला.

घरी आले तर बायको फोन ठेवत होती. "ताई सांगत होती, आज भाऊजींच्या हातून बोल्ट तुटला म्हणे. पण बघा, जराही वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाले, अख्ख्यांसारखा हात यायला जन्म जावा लागतो. मन किती मोठं त्यांचं!"

अख्खे ताटावरून उठले.

इथे कुणाला वाटेल, त्यांना पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप वगैरे काही नाही. ते जळत होते. आधी हा हाताने आपल्या बरोबरीला आला, ठीक. नळ सोडवला, ठीक. पण आता चांगुलपणातही हाच पुढे जाणार? आपण जन्मभर त्या फळीसमोर बसून चहा प्यायचा आणि याचं उपकाराचं डोकं तिथे लोंबताना बघायचं? हे मात्र त्यांना सोसवणार नव्हतं. इतका मोठेपणा ते त्याला मिळू देणार नव्हते.

सकाळी सगळ्यांच्या आधी ते गॅरेजात पोचले. साडूच्या तारेवरचं डोकं सोडवलं आणि स्वतःच्या तारेला बांधलं. बावीस वर्षांत त्या तारेला पहिल्यांदाच गाठ पडली. लोक जमले तसं त्यांनी खाकरून सांगितलं, "हे माझं आहे. नऊ वर्षांपूर्वीचं. मी चिकटवून ठेवलं होतं. यांचा काही दोष नाही."

डेंटरचा आ वासलेला तसाच राहिला. "मग आता तुम्हाला अख्खे नाही, तर म्हणायचं तरी काय?" त्याने विचारलं. मालकांनी त्याला डोळ्यांनी दटावलं.

"अहो, कशाला एवढं..." साडू पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि तो उतरलेला बघून अख्ख्यांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. घे म्हणावं तुझा मोठेपणा परत. त्यांनी छाती काढून किटली उचलली आणि नियमाप्रमाणे चहा आणायला गेले. रस्ताभर चक्क शीळ घालत होते.

परत आले तेव्हा सगळे फळीसमोर उभे होते. अख्ख्यांनी कप मांडले आणि सहज वर पाहिलं. पाच तारा. डेंटरची भरलेली, बाकी दोघांची निम्मी निम्मी, त्यांची स्वतःची एका डोक्याची. आणि रिकामी आता एकच.

अख्ख्यांनी एकेक कप भरला. साडूचा कप त्यांनी सगळ्यांत शेवटी भरला, आणि तोही काठापर्यंत नाही.